उडालेला फ्यूज आणि अडतीस हजारांचा डबा

इअरफोन लावलेत? चला मग. आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. एक गोष्ट मी घरच्यांपासून अकरा दिवस लपवून ठेवली होती. त्या अकरा दिवसांत माझ्या मामाचं एक लग्नाचं भाडं गेलं, शिर्डीच्या दोन ट्रिपा गेल्या आणि झोप किती गेली त्याचा तर हिशोबच नाही.

मामा साताऱ्याचा. पिवळ्या पाटीची एक सात सीटर गाडी, तिच्यावर बँकेचे हप्ते चालू, आणि घर त्या गाडीवर. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो होतो. एका पहाटे गाडीची बॅटरी उतरलेली निघाली. मामा चहा घेता घेता म्हणाला, "शेजारच्यांच्या गाडीवरनं जंप दे की. तू इंजिनिअर ना?" मी मोठ्या ऐटीत जंपर केबल घेऊन गेलो. उजाडायचं होतं, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरलेला. लाल चिमटा, काळा चिमटा... आणि एका क्षणापुरते ते उलटे लागले. चट् करून ठिणगी उडाली. मी हात मागे घेतला, चिमटे नीट लावले आणि आजूबाजूला बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं.

दिवे लागले, हॉर्न वाजला, स्टार्टर गरागरा फिरला. इंजिन मात्र काही केल्या सुरू होईना.

गल्लीतल्या फिटरने फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज काढून बघितला. सगळे चांगले. मग गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे त्यांनी स्कॅनर जोडला आणि अर्ध्या तासात निकाल दिला: इंजिनाचा कंट्रोलर प्रतिसाद देत नाही, म्हणजे गेला. नवा बसवायचा अडतीस हजार. प्रोग्रॅमिंगचे वेगळे. माल यायला दहा-बारा दिवस.

मामाने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

आजचा भाग त्या कागदावर न लिहिलेल्या एका वस्तूबद्दल आहे. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, किंमत एका वडापावपेक्षा कमी, आणि इतिहास पावणेदोनशे वर्षांचा. फ्यूज!

आता तुम्ही म्हणाल, फ्यूजला कसला आलाय इतिहास? ऐका तर.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, १८४७ साली. विजेचे दिवे अजून घरोघरी यायचे होते, पण तारायंत्र आलेलं होतं. मैलोन् मैल उघड्यावरून गेलेल्या तारा, आणि त्यांच्या टोकाला तारघरात ठेवलेली नाजूक, महागडी यंत्रं. पावसाळी वादळात वीज तारेवर पडली की ती तारेतून थेट तारघरात शिरायची आणि यंत्र जळायचं. कधी कधी तिथे बसलेल्या माणसाच्या जिवावरही बेतायचं. लुई ब्रेगे नावाचे एक यंत्रकार होते. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रेगे घराण्यातलेच. त्यांनी एक साधा उपाय सुचवला: तारघरात शिरण्याआधी तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा. वीज पडली की तो बारीक तुकडा आधी वितळेल, रस्ता तुटेल आणि आतलं यंत्र वाचेल.

या कल्पनेत गंमत काय आहे बघा. तोपर्यंत कारागीर वस्तू घडवायचा ती टिकावी म्हणून. इथे एक माणूस म्हणतोय की अख्ख्या यंत्रणेत एक भाग असा ठेवा, जो सगळ्यात आधी मोडला पाहिजे. बाकीच्यांच्या वाटणीचं मरण त्याने घ्यायचं. आपल्याकडे पीडा टाळायला दारात लिंबू-मिरची बांधतात ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की याच्यामागे भौतिकशास्त्र आहे.

ते भौतिकशास्त्र दोन वाक्यांत सांगतो. तारेतून करंट गेला की तार तापते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून बारीक तारेची जाडी आणि धातू नीट निवडला, तर अमुक करंटपर्यंत ती निमूट काम करते आणि त्याच्या बऱ्याच वर गेलं की वितळते. झालं. ना स्प्रिंग, ना बटण, ना मेंदू. म्हणूनच फ्यूज क्वचितच दगा देतो.

पुढचा टप्पा न्यूयॉर्कचा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनने पर्ल स्ट्रीटवरच्या वीजकेंद्रातून गिऱ्हाइकांना वीज द्यायला सुरुवात केली. वीज लोकांच्या घरात आणि दुकानात शिरली, तशी आगीची भीतीही शिरली. एका घरात दोन तारा चिकटल्या तर अख्ख्या ओळीने का भोगावं? म्हणून वितरणाच्या व्यवस्थेतच फ्यूज बसवले गेले, आणि १८९० साली एडिसनने त्यांचं पेटंटही घेतलं. तुमच्या आजोबांच्या घरात मीटरखाली पांढऱ्या चिनी मातीचा तो 'किटकॅट' फ्यूज आठवतो का? लाईट गेली की आजोबा बॅटरी घेऊन खुर्चीवर चढायचे, किटकॅट उपसायचे, फ्यूजची तार बदलायचे आणि खालून सगळे विचारायचे, "आली का?" तो त्याच घराण्यातला.

त्या आठवणीत एक महत्त्वाची गोष्ट आहे. आजोबा वायरमन नव्हते. तरी त्यांना फ्यूज बदलता यायचा, कारण तो बदलता येईल असाच आणि हाताला येईल अशाच जागी बसवलेला होता. मोडणारा भाग हाताशी असावा, हा फ्यूजच्या कल्पनेचा दुसरा अर्धा हिस्सा. हा मुद्दा डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गाडीकडे येऊ.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये वीज फारशी नव्हतीच. दिवे कार्बाइडच्या गॅसचे नाहीतर रॉकेलचे, आणि इंजिन सुरू करायचं ते पुढून हँडल मारून. ते हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. मग १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. त्याच्यासोबत बॅटरी, ती चार्ज करणारा जनरेटर आणि विजेचे दिवे आले, आणि गाडीत तारांचं जाळं पसरायला लागलं. जिथे तारा तिथे शॉर्ट, आणि जिथे शॉर्ट तिथे फ्यूज.

तरी कित्येक वर्षं फ्यूज मोजकेच असायचे. आपली अँबॅसेडर ही मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. त्या पिढीतल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अख्ख्या गाडीला दोन-चार काचेचे फ्यूज असत. त्या गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीचं नाव शौकिनांनी थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' असं ठेवलं होतं, कारण दिवे कधी जातील याचा नेम नसायचा. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळा प्रकार होता: दोन्ही टोकं निमुळती असलेला, छोट्या कुपीसारखा फ्यूज, ज्याची वितळणारी पट्टी बाहेरच्या अंगाला उघडी असायची.

आणि मग तो जुना जुगाड. फ्यूज उडाला, जवळ दुसरा नाही, रात्रीची वेळ, घाटात गाडी. ड्रायव्हर सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढायचा, उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळायचा आणि खोचून द्यायचा. दिवे लागायचे, गाडी घरी पोचायची. कधी कधी मात्र वायरिंगचा धूर व्हायचा. कारण चांदी वितळत नव्हती, आणि मरण घेणारं कोणी उरलं नव्हतं. मग ते वायरच्या वाट्याला यायचं.

आज आपण गाडीत जो फ्यूज बघतो, म्हणजे रंगीत प्लास्टिकचं डोकं आणि खाली दोन चपटी पाती, तो १९७६ साली आला. तो आणला लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने. ही कंपनी १९२७ साली शिकागोत एडवर्ड संड्ट यांनी काढली, आणि तिचा जन्मही मजेशीर आहे. वीज मोजण्याचे नाजूक मीटर जरा जास्त करंट गेला की जळायचे. म्हणून त्यांनी मीटर वाचवणारा एक छोटासा, चटकन उडणारा फ्यूज बनवला. तिथून पन्नासेक वर्षांत ही कंपनी जगभरच्या गाड्यांत शिरली.

त्या पात्याच्या फ्यूजमध्ये शहाणपण किती आहे बघा. अंगावर आकडा, आणि आकडा वाचता येत नसेल तर रंग. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. प्लास्टिक पारदर्शक, म्हणजे आतली पट्टी तुटली की नाही ते डोळ्यांनीच दिसतं. वर दोन उघडे ठिपके असतात, तिथे टेस्टर टेकवून फ्यूज न काढताच तपासता येतो. आणि तो फार उतावळाही नाही. नेमून दिलेल्यापेक्षा थोडा जास्त करंट असेल तर तासन् तास सहन करतो. दुप्पट गेला तर साधारण पाच सेकंदांच्या आत उडतो. हे सगळं कशासाठी? रस्त्यात अडकलेल्या, गॅरेजमध्ये कधी काम न केलेल्या माणसालाही तो बदलता यावा म्हणून.

म्हणजे १९७६ पर्यंत फ्यूजची गोष्ट सरळ चालली होती. पण त्याच सुमाराला गाडीत एक नवा पाहुणा येऊन बसला. मामाच्या कागदावरचा तो अडतीस हजारांचा डबा.

या डब्याची आई म्हणजे धूर.

लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात एक तपकिरी धुरकं बसायला लागलं. डोळे चुरचुरायचे, समोरचे डोंगर दिसेनासे व्हायचे. मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले आणि पेट्रोलच्या वाफेतले घटक उन्हात एकमेकांशी मिसळून हे धुरकं तयार करतात. गाडी कंपन्यांनी बरीच खळखळ केली. शेवटी १९७० साली अमेरिकेने कायदा केला की पाचेक वर्षांत धुरातले मुख्य घातक वायू नव्वद टक्क्यांनी कमी करा.

त्यावर उपाय निघाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. पण यातला तिन्ही मुख्य विषारी घटक साफ करणारा प्रकार फार नखरेल. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, हे वजनाचं प्रमाण सतत सांभाळलं तरच तो नीट चालतो. बिचारा कार्बोरेटर! तो म्हणजे अंदाजाने मीठ टाकणारी आजी. चव छान, पण ग्रॅममध्ये सांगा म्हटलं तर कसं जमणार? दर क्षणाला मोजून पेट्रोल घालायचं तर मोजणारा मेंदूच हवा.

तो मेंदू घडवायचे प्रयत्न आधीपासून चालू होते. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाअखेरीस इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन काढलं होतं आणि १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या मोजक्या गाड्यांत ते बसवलंही गेलं. पण त्या काळच्या भागांना उष्णता आणि धक्के सोसेनात, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावायची वेळ आली. पेटंटचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले. बॉशने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये डी-जेट्रॉनिक नावाची यंत्रणा आणली. तिच्या डब्यात ट्रान्झिस्टर होते, पण मायक्रोप्रोसेसर नव्हता. तो इंजिनाजवळ पोचला १९७७ मध्ये, जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडोत, ठिणगीची वेळ ठरवायला. आणि १९७९ च्या बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही कामं एकाच डब्याकडे सोपवली. आजच्या इंजिन कंट्रोलरचं कूळ ते.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, आणि आलं तेही धुरामुळेच. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी गिऱ्हाइकाच्या हाती गेली, तेव्हा तिच्यात कार्बोरेटरच होता. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचंही तेच. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू झाला. १९९८ मध्ये सँट्रो इंजेक्शन घेऊनच बाजारात आली. आणि २९ एप्रिल १९९९ रोजी, दिल्लीच्या हवेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांसाठी आधी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ असा आदेश दिला. तिथून कार्बोरेटरचं दुकान बंदच झालं म्हणा. गाड्या नियमांत बसतात का हे तपासणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, एआरएआय, १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे तिच्यावरूनच त्या भागाला 'एआरएआय टेकडी' म्हणतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. आता एका साध्या गाडीतही इंजिनाला एक, ब्रेकला एक, स्टिअरिंगला एक, एअरबॅगला एक, खिडक्या-दिव्यांना एक असे कंट्रोलर असतात. हवा त्यामुळेच जरा बरी राहिलीय, हे मान्य करायलाच हवं. मी काही 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यातला नाही.

पण या प्रवासात फ्यूजचं काय झालं? डबे वाढले तसे फ्यूजही वाढले, आणि काही डब्यांच्या पोटात स्वतःचे चिमुकले फ्यूज गेले. सगळ्यांत नाही, काहींत. सर्किट बोर्डवर थेट सोल्डर केलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला रंग नाही, पारदर्शक खिडकी नाही, आणि डबा सील केलेला. आजोबांच्या हाताशी असलेला किटकॅट आता कुलपाआड गेला. बाहेरचे सगळे फ्यूज चांगले आणि तरी डबा मेलेला, असं तेव्हाच दिसतं.

आणि इथे स्कॅनरची एक मर्यादा समजून घ्या. स्कॅनर डब्याशी बोलतो. डब्याला वीजच मिळत नसेल तर डबा उत्तर कसं देणार? स्कॅनरवर येतं, 'संपर्क होत नाही'. त्याचे अर्थ तीन: डबा खरोखर जळलाय, किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही, किंवा मधली तार तुटलीय. घाईत पहिलाच अर्थ घेतला जातो. फोन लागत नाही म्हणून समोरचा माणूस गेला असं आपण धरतो का? आधी बघतो ना, रेंज आहे का, चार्जिंग आहे का!

सर्व्हिस सेंटरच्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्या कामाची पद्धतच 'भाग बदला' अशी आखलेली असते. डबा उघडायची त्यांना मुभा नसते.

आता परत मामाकडे. आठव्या दिवशी मामाने तो डबा गाडीतून काढून घेतला, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "पुण्यात कोणी बघतंय का बघ. नाहीतर मग कर्ज काढू." मी एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसलो. खंबाटकी घाट कधी गेला कळलं नाही.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल तर पुणेकर तिथेच जातो. तिथल्या एका दुकानदाराने मला जवळच्या बोळातल्या एका काकांकडे पाठवलं. आधी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे, आता गाड्यांचे बोर्ड. छोटी खोली, भिंग लावलेला दिवा, सोल्डरचा वास.

काकांनी आधी डबा उघडलाच नाही. त्यांनी विचारलं, "चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता का?" मी आठवून म्हणालो, "नाही, तो लागतच नव्हता." ते हसले. "पुष्कळ गाड्यांत तो दिवा डबा स्वतः लावतो. लागत नाही म्हणजे डबा झोपलाय. मेलाय की उपाशी आहे ते बघू."

मग त्यांनी कडेचं सील गरम करून हळूच सोडवलं, भिंगाखाली बोर्ड धरला आणि मल्टीमीटर 'बीप'वर लावला. वीज आत येते त्या पिनेपासून एक टोक पुढे पुढे नेत गेले. बीप. बीप. मग एका काळ्या दाण्याच्या अलीकडे बीप आणि पलीकडे शांतता. "हा बघ. फ्यूज." त्यांनी भिंग माझ्याकडे वळवलं. दिसायला काहीच नव्हतं. ना काजळी, ना तडा. गुपचूप गेलेला.

मी म्हणालो, "मग बदलून टाका ना काका!"

काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "फ्यूज कधी आपणहून उडतो का रे? कोणीतरी उडवतं तेव्हा उडतो. हा बदलला आणि कारण आत तसंच असलं तर नवाही उडेल, नाहीतर ट्रॅक जळेल." त्यांनी शेजारचा एक डायोड तपासला. दोन्ही बाजूंनी बीप. डायोडमधून वीज एकाच दिशेने जायला हवी, हा आरपार शॉर्ट झाला होता. "हा पहारेकरी आहे," ते म्हणाले. "एरवी गप्प उभा असतो. कोणी बॅटरी उलटी जोडली तर तो सगळा करंट स्वतःकडे ओढून घेतो आणि फ्यूज उडवून आतला प्रोसेसर वाचवतो. बाहेरचे फ्यूज जाड, जरा सावकाश. हा आतला फार चपळ. बाहेरच्यांना कळायच्या आत गेला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "उलटा जंप कोणी दिला?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"मग विचारून ये. बॅटरी उलटी लागली असेल तर काम अर्ध्या तासाचं. तसं नसेल तर शॉर्ट दुसरीकडे आहे. मग मला अख्खा बोर्ड तपासावा लागेल, दोन दिवस जातील."

आठ दिवस पोटात ठेवलेलं त्या खोलीत बाहेर आलं. "मीच दिला काका. अंधार होता. एक सेकंदच."

ते रागावले नाहीत. "बरं झालं बोललास," एवढंच म्हणाले आणि गन उचलली. जुना डायोड उतरवला, त्याच जातीचा नवा लावला. फ्यूजही त्याच आकड्याचा. मोठा लावला असता तर चाललं नसतं का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "चाललं असतं की. पुढच्या वेळी प्रोसेसर उडेपर्यंत." मग त्यांनी टेबलावरच्या सप्लायवरून डब्याला बारा व्होल्ट दिले, करंट किती ओढतोय ते बघितलं आणि मान डोलावली. बाराशे रुपये घेतले. त्यातले सामानाचे थोडेसेच, बाकीचे त्यांच्या चाळीस वर्षांचे.

डबा तोच असल्यामुळे नव्याने प्रोग्रॅमिंग करायची गरज पडली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायला मला दोन दिवस पुण्यात थांबावं लागलं. अकराव्या दिवशी साताऱ्यात मामाने बॅटरीची काळी तार काढून ठेवली, डबा बसवला, तार परत जोडली आणि चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. इंजिन एका दमात सुरू झालं.

मी तिथेच उभा राहून मामाला सगळं सांगितलं. मामा बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी बोलला असतास तर अठ्ठावीस तारखेचं लग्न गेलं नसतं." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. खरंच, मी बोललो असतो तर गल्लीतल्या फिटरनेही डबा आधी दुरुस्तीला पाठवला असता. कारण दुरुस्तीत निम्मं काम नेमकं काय घडलं ते कळण्यात असतं.

आता तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. स्वतः डबा उघडू नका, विशेषतः एअरबॅगचा आणि ब्रेकचा. तिथे चुकीची किंमत जीव असते. पण कोणी 'कंट्रोलर गेला' म्हणालं तर तीन प्रश्न नक्की विचारा: डब्याच्या पिनेवर वीज आणि अर्थ दोन्ही पोचतात का? बाहेरचे फ्यूज नुसते बघितलेत की मीटरने तपासलेत? आणि डबा उघडून बघणारा कोणी आहे का? फ्यूज बदलाल तेव्हा त्याच आकड्याचा घ्या. पुन्हा उडाला तर मोठा लावू नका, कारण शोधा. आणि जंप देताना, कृपा करून, आधी उजेड करा!

शेवटचं एक. दुरुस्तीचा हक्क हा आता कायद्याचाही विषय झालाय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही मिळावी म्हणून कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यावर समिती नेमली, आणि तिच्या यादीत शेतीची यंत्रं आणि मोबाईलसोबत गाड्याही आहेत. मला वाटतं, मागणी साधी आहे. ब्रेगेने तारघराच्या दारात जो बारीक तुकडा ठेवला, तो दारात ठेवला होता. दिसेल, बदलता येईल असा. मोडण्यासाठीच केलेला भाग बंद डब्यात पुरला तर तो उडाल्यावर भुर्दंड अख्ख्या डब्याचा पडतो.

मामाची ती गाडी अजून धावते. डबाही तोच आहे. आणि मामाने जंपर केबलच्या लाल चिमट्याला एक जाड लाल फडकं बांधून ठेवलंय. मी सुट्टीत गेलो की ते फडकं दाखवून नुसता हसतो.

चला, आज एवढंच. तुमच्या घरातही 'बदला' म्हणून सांगितलेली आणि मग कोणीतरी दुरुस्त केलेली वस्तू असेल, तर तिची गोष्ट व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या.